मितभाषी सदस्य

"दिवंगत सदस्य मितभाषी होते," मंत्री खाली सभागृहात शोकप्रस्ताव वाचत होते, आणि वर प्रेक्षक गॅलरीत बसलेल्या म्हाताऱ्या वकीलसाहेबांनी कान टवकारले.

मितभाषी? ज्याला अख्खं सभागृह 'भोंगा' म्हणायचं, तो?

शेजारी भोंग्याची बायको बसली होती. येताना गाडीत वहिनी एवढंच म्हणाल्या होत्या, "भावजी, त्यांच्याबद्दल एक खरं वाक्य कानावर पडलं, की मी घरी जायला मोकळी." आता त्या वाट पाहत होत्या. खाली त्यांच्या नवऱ्याचं आयुष्य झरझर वाचलं जात होतं. जन्म, वकिलीची सनद, निवडणुका, समित्या. ऐकणाऱ्या नव्या सदस्यांत त्याला पाहिलेलं कुणी नव्हतं. एकजण जांभई दाबत होता.

वकीलसाहेबांनी मात्र त्याला उभा जन्म समोरून पाहिला होता. कोर्टात हे वादीचे वकील, तर तो प्रतिवादीचा. सभागृहात हे सरकारी बाकावर, तर तो विरोधी. भांडण असं, की बघणाऱ्याला वाटावं आता एकमेकांचे गळे धरतात. आणि मधल्या सुट्टीत वहिनींचा डबा दोघांत. "तुझा मुद्दा भुसभुशीत होता," भोंगा भरल्या तोंडानं म्हणायचा, "पण भाजी घे." पाण्याचा नळ न पोचलेल्या एका वस्तीसाठी तो एकदा इतका बोलला, की अध्यक्षांनी त्याचा माइक बंद केला. तरीही शेवटच्या बाकापर्यंत शब्द न् शब्द ऐकू गेला. मार्शलनी उचलून नेलं, तेव्हा उरलेलं वाक्य त्यानं दारातून पूर्ण केलं. वकीलसाहेबांना असं कधी कुणी उचललं नाही. नियमांचं पुस्तक उशाला घेऊन झोपणारा माणूस, असं भोंगा त्यांना चिडवायचा.

"आपल्या मृदू स्वभावामुळे ते सर्व पक्षांत…"

"हे कोण हो?" वहिनी हळूच म्हणाल्या. "चुकून दुसऱ्याच कुणाच्या मयताला आलोय का आपण?"

त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही.

गॅलरीत बोलायचं नसतं. टाळीसुद्धा वाजवायची नसते. सत्तेत असताना हा नियम वकीलसाहेबांनीच कडक करून घेतला होता. त्यांनी कठडा घट्ट धरला आणि ते उभे राहिले.

"हरकतीचा मुद्दा, अध्यक्ष महाराज!"

सगळ्या माना वर वळल्या.

"तो मितभाषी नव्हता. तो…"

पुढे काही सुचेना. आयुष्यभर त्याचं म्हणणं खोडून काढायचीच सवय. त्याच्या बाजूनं उभं राहायची वेळ ही पहिलीच. तोवर मार्शल येऊन पोचला होता. त्यानं संकोचून दंडाला हात लावला.

"चला साहेब. तुम्हाला मी काय नियम सांगणार?"

"बरोबर आहे तुझं. चल."

वहिनींनीही पर्स काखोटीला मारली आणि त्या उठल्या.

"ताई, तुम्ही बसा ना," मार्शल कुजबुजला. "दोन मिनिटं शांत उभं राहायचं अजून बाकी आहे."

"शांत?" वहिनी म्हणाल्या. "मग तिथं माझ्या नवऱ्याचं काय काम?"

दार मागे लागलं. तिघं जिन्यावर आले. आत सगळे उभे राहिले असावेत. खुर्च्यांचा आवाज झाला आणि थांबला. मार्शलनं टोपी काढली आणि तोही आपला भिंतीशी ताठ उभा राहिला. त्या शांततेचा मान राखत वकीलसाहेबांनी अगदी खालच्या आवाजात सुरुवात केली, "अध्यक्ष महाराज, माझा हा मित्र…"

"मोठ्यानं, भावजी," पायरीवर बसत वहिनी म्हणाल्या. "हळू बोललेलं त्यांना पटायचं नाही."