होर्डिंगवरची आई

“साहेब, तुम्ही आमचं काम चोरलंत!”

केबिनमध्ये शिरताच सुवर्णा कडाडली. मसाला कंपनीचे मार्केटिंगप्रमुख चहा ढवळत राहिले.

दिवाळीच्या जाहिरातीसाठी त्यांनी तिच्या छोट्याशा एजन्सीकडून फुकट नमुना करून घेतला होता. मॉडेल परवडेना, म्हणून सुवर्णाने आईलाच पाट्यावर मसाला वाटायला बसवून फोटो काढला. ‘मजा नाही आली,’ म्हणत साहेबांनी तो नाकारला. त्या कामाच्या आशेवर तगलेली एजन्सी बंद पडली. दोन्ही डिझायनरना तिने रडतच दुसरी नोकरी शोधायला सांगितलं. आणि आज स्टँडसमोरच्या होर्डिंगवर तोच पाटा, तीच आई!

“मॅडम, तो चेहरा कॉम्प्युटरने बनवलाय,” साहेब हसले. “अशी बाई जगात नाहीच. जा, कुठं जायचं तिथं जा.”

सुवर्णाने दार उघडलं. बाहेर बाकावर बसलेली आई आत आली. होर्डिंगवरच्यासारखंच हनुवटीवर गोंदण. तिने आधी हात जोडले.

“मला लई गोरी केलीत की, साहेब!”

साहेबांचा चमचा थांबला.

“एजन्सी तर बुडालीच,” सुवर्णाचा आवाज फाटला. “पण जगात नसलेली ही बाई कोण? बोला की, साहेब!”