दुपारची खुडणी

कच्.

थोरलीने कात्री थांबवून कानोसा घेतला. आत सासऱ्यांचं घोरणं नीट चालू होतं. दुपारी दोन ते तीन धाकट्या जावेच्या गॅलरीत कुणी फिरकत नाही.

सात कुंड्या, सातही धाकटीच्या. गझानिया. डेझीच्या जातीची फुलं, केशरी, ऊन तापलं की उघडणारी, ऊन कललं की मिटणारी. रोपं दोघींनी एकाच दिवशी, एकाच रोपवाटिकेतून आणली होती. थोरलीने आपल्या कुंड्यांना दोन्ही वेळा पाणी घातलं, खत घातलं, पानंसुद्धा पुसली. तिची रोपं बुडाशी कुजली. धाकटीला आठवड्यातून एकदा पाण्याची आठवण झाली तर झाली. आणि तिची

कच्.

तिची फुलतात.

फुलेनात का! पण अठरा वर्षं सासरे सकाळचा चहा थोरलीच्या ओट्याला टेकून घेत होते. दोन घोटांच्या मध्ये पेपरातलं काहीबाही सांगत. ती फोडणी देता देता हं, हं करायची. आता ते कप उचलतात आणि मधलं दार ओलांडून इथे येऊन बसतात. आज तर इथूनच ओरडले, "धाकटे, एकवीस उघडली गं! तुझ्यासारखं कुणाला

कच्. कच्.

पंधरा दिवस ती उघडलेली, सुकलेली, सापडतील ती फुलं तोडत होती आणि साली टाकतात त्या डब्यात, सालींच्या खाली दाबत होती. झाडं हट्टाला पेटल्यासारखी. एक तोडलं की दोन. म्हणून आज तिने कळ्यांनाच कात्री लावली.

"ताई?"

धाकटी. खांद्याला पर्स, हातात सँडल. चार तास आधी.

थोरलीची मूठ आपोआप मिटली. कात्री मात्र कुठे लपवणार?

"अगं, तू कशी आज?"

"लॅबमध्ये वीज गेली, हाकललं सगळ्यांना." धाकटी कात्रीकडे बघत राहिली. "थांबा, थांबा. म्हणजे तुम्ही खुडता होय!"

थोरलीच्या डोळ्यांपुढून नवरा गेला, नणंद गेली, खालच्या मजल्यावरच्या काकू गेल्या. एकेकाचं तोंड तिला स्पष्ट दिसलं.

"आणि मी वेडी!" धाकटीने सँडल खाली टाकली. "रोपवाटिकेतल्या काकांनी बजावलं होतं, पाणी विसरलीस तरी चालेल, पण जुनी फुलं वेळच्या वेळी खुड. नाहीतर झाड बी धरतं आणि फुलायचं थांबतं. मी एकदाही हात लावला नाही हो. म्हटलं, तरी फुलतायत कशी! आणि तुम्ही, स्वतःची रोपं गेली तरी..." तिचा आवाज कातर झाला. "तुमच्या जागी मी असते ना, तर जळून उपटून फेकली असती."

"काहीतरीच."

"बाबांना सांगते."

"नको! अगं, झोपू दे त्यांना."

"का नको? महिनाभर फुकटचं कौतुक खातेय मी. बाबा! अहो बाबा!"

घोरणं थांबलं.

सासरे आले. एका पायात चप्पल, चष्मा कपाळावर. धाकटीने सगळं सांगितलं, हातवारे करकरून. थोरली मध्येच म्हणाली, "तसं नाही हो काही." तो तिचा मोठेपणा ठरला.

सासरे कुंड्यांकडे बघत राहिले. मग तिच्याकडे. अठरा वर्षांत तिच्या स्वयंपाकाला 'बरा झालाय'च्या पुढे ते गेले नव्हते.

"तरीच," ते म्हणाले. "या धांदरटीला कुठलं जमायला! आणि मी येडा रोज इथे येऊन भलतीचीच पाठ थोपटतोय."

"थोपटलीत ती थोपटलीत, परत मागू नका," धाकटी म्हणाली.

ते हसले. चष्मा नाकावर घेऊन थोरलीच्या अगदी पुढ्यात येऊन उभे राहिले. "उद्यापासून चहा तुझ्याकडे. हाताला गुण लागतो, बाई. बघू, बघू तरी तो हात."

त्यांनी आपला तळवा पुढे केला.

"उघड की."

तिने मूठ आणखी आवळली. आत अकरा कळ्या होत्या, आणि त्यांचा पांढरा चीक बोटांच्या फटींतून मनगटावर उतरत होता.