टोरंटो ते पर्थ

"थोरला टोरंटोहून थेट पर्थला, धाकट्याचं बाळ बघायला जातोय. म्हणतो, कराडला आलो तर वाट फार वाकडी होते." एवढं सांगून बायको भाकरी थापायला बसली.

हिरामणमास्तरांनी शिलाईमशीन थांबवलं. कपाटावरचा पोरांचा जुना पृथ्वीगोल खाली घेतला, धूळ पुसली आणि गळ्यातली टेप त्यावर टोरंटो ते पर्थ ताणून धरली. साडेअकरा इंच भरले. मग तीच टेप कराडवरून नेऊन पुन्हा मोजली.

साडेबारा.

त्यांनी लगेच थोरल्याला फोन लावला. "घरावरून गेलास तर एक इंच जास्त पडतो. मोजलंय मी."

"बाबा, तो इंच केवढा असतो ठाऊक आहे का?"

"आहे की. तेवढं सैल मी परक्याच्या सदऱ्यातसुद्धा ठेवतो."