खालचा नट

“चाक चढव आता,” गाडीखालून सरपटत बाहेर येत वडील म्हणाले. “झालं सगळं.”

मुलीने हात देऊन त्यांना उठवलं. घराच्या बाजूला फरशीवर गाडी लोखंडी घोडीवर टेकवलेली होती, पुढचं डावं चाक काढून. जुना शॉकअब्सॉर्बर तेल गळून काळाठिक्कर पडला होता. त्याच्याशेजारी चाकाचा खालचा जुना सांधा होता, हातात धरला तर खुळखुळ्यासारखा वाजणारा. उजवी बाजू सकाळीच उरकली होती.

“गाडीचे आणि माझे गुडघे एकदमच गेले बघ,” वडील म्हणाले. “तिचे दुकानात मिळतात, एवढाच फरक.”

ती हसली. खिडकीतून नातीने विचारलं, “आजोबा, गाडी झाली?”

“झालीच म्हण. उद्या मी तुला शाळेत सोडेन तेव्हा बघ, खड्डा कुठे आला ते कळायचंही नाही तुला.”

ते हात धुवायला मागच्या नळावर गेले. मुलीने चाक उभं केलं, पण चढवण्याआधी सवयीने एकेका नटावरून हात फिरवला. ही सवय त्यांनीच लावलेली. वरचे घट्ट होते. खालच्या सांध्याच्या नटाला बोटं लागली आणि तो फिरला. पान्याने नव्हे, नुसत्या बोटांनी.

आपण भलताच नट धरला असं वाटून तिने वाकून पाहिलं. तोच होता. अख्खं चाक ज्याच्या जिवावर उभं असतं तो. हा निसटला, तर चालत्या गाडीचं चाक आडवं होतं आणि गाडी वळवताही येत नाही, आवरताही येत नाही.

“बाबा,” तिने होईल तितक्या साध्या आवाजात विचारलं, “हा खालचा आवळलात ना?”

“म्हणजे काय? आत्ताच तर. पाना तूच नाही का दिलास?”

पाना तिनेच दिला होता. आणि ते खोटं बोलत नव्हते. नट आवळल्याचं त्यांना आठवत होतं. आणि नट तर नुसत्या बोटांनी फिरत होता.

तिने पाना उचलला आणि आवाज न करता आवळायला लागली. पाना फिरत राहिला. पुन्हा फिरला. बऱ्याच वेळाने तो जड झाला, मग अडला. ती सरळ झाली तेव्हा वडील मागे उभे होते. ओल्या हातांवरून पाणी ठिबकत होतं.

“कोणता?”

“खालचा. थोडासाच सैल होता.”

“थोडासा सैल असला तर पाना इतका फिरत नाही, ठमे. तू मला नको शिकवूस.”

दोघांनी मिळून चाक चढवलं, गाडी खाली घेतली. मग वडिलांनी जॅक ओढत उजव्या बाजूला नेला.

“ती बाजू सकाळी झालीये, बाबा.”

“माहीत आहे.”

त्यांनी गाडी उचलून घोडीवर टेकवली, चाक काढून भिंतीला लावलं. खाली मात्र ते बसले नाहीत. पाना तिच्यापुढे धरला. “तू बघ.”

ती खाली शिरली. खालच्या नटावर पाना बसवून अंगातलं होतं नव्हतं ते बळ लावलं. नट तसूभर हलला नाही. वरचेही पाहिले.

“घट्ट आहे,” ती खालूनच म्हणाली. “सगळे घट्ट आहेत.”

तिला तिथून फक्त त्यांच्या चपला दिसत होत्या आणि ग्रीस लागलेले घोटे.

“खरं सांगतेयस,” त्यांनी विचारलं, “की मला बरं वाटावं म्हणून?”

ती बाहेर आली आणि पाना त्यांच्या हातात दिला. गुडघ्याला हात लावत, हळूहळू ते खाली बसले. नटावर पाना बसवला, ओढला. नट हलला नाही. पुन्हा ओढला. कपाळावरची शीर तट्ट फुगली, तरी हलला नाही.

“उद्या तिला शाळेत तू सोड,” ते नटाकडेच बघत म्हणाले.

‘असं काय बाबा, एखाद्या वेळी होतं कुणाकडूनही,’ असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

“बरं,” ती म्हणाली.

वडिलांनी मान हलवली. पाना काढला, पालथ्या हाताने कपाळ पुसलं आणि तो पुन्हा त्याच नटावर बसवला.