सात इंच

मोजणीदाराने पोलादी फीत भिंतीच्या पायथ्यापासून पलीकडच्या कुंपणापर्यंत ताणली, वाकून आकडा वाचला, आणि लिहिण्याआधी पुन्हा एकदा वाचला.

"पन्नास फूट. कागदावर आहे तेवढंच."

"कसं तेवढंच?" टेलरबाई त्याच्या अंगावरच गेल्या. "मी स्वतः मोजलंय. तीनदा. सात इंच कमी भरतंय. ह्या भिंतीने खाल्लंय माझं."

भिंतीपलीकडे शेजारी उभा होता. पोस्टमन, आता निवृत्त. महिन्यापूर्वी ह्याच जागी, भर सकाळी, गल्लीतल्या सगळ्या खिडक्या उघड्या असताना टेलरबाईंनी त्याला चोर म्हटलं होतं. एकदा नाही, घसा बसेपर्यंत. तेव्हापासून तो दूध आणायलासुद्धा मागच्या वाटेने जायचा.

"कशाने मोजलंत?" मोजणीदाराने विचारलं.

त्यांनी गळ्यातली टेप ओढून त्याच्या हातावर आपटली. "हिने. बावीस वर्षं हिच्यावर घर चाललंय. माझ्या हातचा एक शर्ट कधी परत आला नाही."

त्याने ती कापडी टेप पोलादी फितीला लावून अंथरली. टेपवरचा साठचा आकडा फितीवरच्या साठच्या पुढे, पाऊण इंचावर पडला.

"ताणली गेलीय, ताई. कापडच शेवटी. दहा वेळा लावली असणार तुम्ही, दर वेळी पाऊण इंच." मग त्याला राहवलं नाही. "पण मग शर्ट कसे बसतात?"

टेलरबाईंची कानशिलं तापली. अंगही हिनेच मोजायचं, कापडही हिनेच बेतायचं. चूक दोन्हीकडे सारखी, मग कळणार कशी? पोस्टमनच्या अंगातला शर्ट त्यांनीच शिवलेला होता. खांद्याला एक सुरकुती नव्हती.

त्यांना राग आला. टेपचा आला, खाली मान घालून हसणाऱ्या मोजणीदाराचा आला, आणि त्या शर्टाचा तर फारच आला.

"चुकलं माझं, भाऊजी," त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या.

"ऐकू नाही आलं."

"चुकलं म्हटलं."

"मला सांगून काय उपयोग? मी चोर नाही, हे मला ठाऊकच होतं." त्याचा आवाज चढला नव्हता. "तुमचं-माझं सोडून गल्लीत सतरा घरं आहेत, बाई. तीस वर्षं त्यांची पत्रं वाटली मी. एक पाकीट इकडचं तिकडे झालं नाही. तुम्ही ओरडलात ते एका सकाळीत सतराच्या सतरा घरी पोचलं."

बावीस वर्षं तो त्यांना ताई म्हणत आला होता.

"अहो, पुरे आता," दारातून त्याची बायको म्हणाली. "म्हणाल्या ना त्या."

"तू आत जा."

टेलरबाई टेप उचलून तरातरा फाटकाशी गेल्या. घसा खाकरला. गल्लीत एकही खिडकी उघडी नव्हती. त्या दिवशी न बोलावता जमलेली मंडळी आज जेवून आडवी झाली होती. बंद खिडक्यांना काय ओरडून सांगणार?

दोन्ही टोकांना बघत त्या जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग टेप मुठीत आवळून रस्ता ओलांडला आणि समोरच्याच घराच्या बेलवर बोट ठेवलं.

"तिथून नको," मागून पोस्टमनचा आवाज आला. "एक नंबरचं घर त्या टोकाला आहे."