लाल फुलीचा अक्रोड

लेथवर फिरणाऱ्या लाकडातून ठिणगी उडाली आणि शेफिकाच्या हातातली पटाशी झटक्याने मागे आली. तिने यंत्र बंद केलं. पटाशीच्या धारेला गव्हाच्या दाण्याएवढी खाच पडली होती.

"लागलं ना लोखंड?" दारातून मिर्सादने विचारलं. "झियोकाकांचं यंत्र खोटं बोलत नाही. कालपासून सांगतोय, आई."

"मी कुठे म्हटलं, बोलतं म्हणून?" शेफिकाने खिशातून कानस काढली.

अंगणातला अक्रोड वादळात मोडला, त्याला महिना झाला होता. लाकूडगिरणीचा झियो आदल्या दिवशी धातू शोधायचं यंत्र घेऊन आला. खोडावरून फिरवताच ते चार ठिकाणी किंचाळलं. बोस्नियातली जुनी झाडं अशीच निघतात. युद्धातल्या तोफगोळ्यांच्या कपच्या पोटात घेऊनच ती वाढली. अशी एक कपची गिरणीचं अख्खं पातं खाते. म्हणून झियो तसल्या ओंडक्यावर लाल रंगाची फुली मारतो. फुलीचं लाकूड चुलीचं, हा सगळ्या खोऱ्याचा कायदा.

तो कायदा शेफिका एकटी मोडत होती. नवरा, देर्वो, गेल्यावर त्याचा लेथ तिने हाती घेतला आणि विकतच्या लाकडाला कधी हात लावला नाही. जळालेल्या शाळेच्या बाकाच्या पायांपासून तिने मेणबत्त्यांच्या बैठका कातल्या. पुरात वाहून आलेल्या खांबाची लाटणी केली. लोक तिला भंगारवाली म्हणत आणि तिच्याच वाडग्यांतून सूप पीत.

पण आज झियोचा ट्रक फाटकाशी उभा होता. ऑस्ट्रियातल्या ग्राट्सहून सुट्टीवर आलेल्या मिर्सादने अंगण मोकळं करायचं ठरवून सबंध खोड जळणासाठी त्याला देऊन टाकलं होतं. आईला विचारलं नव्हतं. शेफिकाने सकाळी त्यातला एक तुकडा कापून लेथवर चढवला आणि जाहीर केलं, की वाडगा होईपर्यंत खोडाला कुणी दोर लावायचा नाही.

झियो बाकावर कॉफी पीत बसला होता. "वहिनी, तुमची तर नुसती पटाशी गेली," तो ओरडला. "चुलीत घालू द्या. आमची म्हातारी हिवाळाभर दुवा देईल."

"म्हातारीला एक रजई घेऊन द्या, झियोभाऊ. त्याला ट्रक लागत नाही."

झियो खो-खो हसला. मिर्साद नाही हसला.

"किती दिवस जपायचं हे लोखंड? तीस वर्षं झाली. लोकांनी घरांच्या भिंतींतली भोकंसुद्धा बुजवली."

"आपल्या भिंतीत होती का रे भोकं?"

"नव्हती. नशीब."

"हं. नशीब."

ती कपचीवर कानस चालवत राहिली. लोखंड लाकडाच्या पातळीला आलं, तसं त्याच्याभोवती काहीतरी दिसू लागलं. अक्रोडाच्या तपकिरी अंगावर निळा-काळा डाग पसरला होता, ओल्या कागदावर शाई फुटावी तसा.

"हे झाड तेव्हाच जायला हवं होतं," मिर्साद म्हणाला. "युद्धाच्या त्या हिवाळ्यात अख्ख्या गल्लीने झाडं तोडली आणि पोरं उबेत ठेवली. आमचे बाबा मात्र कुऱ्हाड लपवून बसले. मी वीस दिवसांचा, थंडीने निळा पडलेला. तूच सांगतेस ना?"

"मीच सांगते," शेफिका म्हणाली.

कितीदा सांगितली होती तिने ती गोष्ट. पाहुणे आले की कॉफीबरोबर देर्वोच्या हट्टाची गोष्ट ठरलेली. सगळे हसत. देर्वोही हसे. त्याने तिला कधी थांबवलं नाही.

तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. आतलं लाकूड पोखरलं. ओल्या लाकडाच्या लांब ढलप्या तिच्या बाह्यांवर चिकटल्या.

"वाळला की वाकडा होईल तो," मिर्साद म्हणाला.

"होऊ दे."

तेल लावून झाल्यावर ती वाडगा घेऊन अंगणात आली. झियो उठला आणि त्याने दोर उचलला.

"थांबा हो जरा. मिर्साद, इकडे ये. असा बुंध्याजवळ उभा राहा, डोंगराकडे पाठ करून."

मोडलेला बुंधा गुडघ्याएवढा उरला होता. शेफिकाने वाडगा त्याच्यावर, मिर्सादच्या छातीसमोर धरला.

"झाड शेंड्याकडे वाढतं, पण खोडात घुसलेलं लोखंड वर चढत नाही. मी मोजलंय. कपची ह्या उंचीवर होती, डोंगराच्या बाजूने आलेली. गोळा फाटकाशी पडला. आता हिच्या पलीकडे सरळ बघ. काय दिसतं?"

"स्वयंपाकघराची खिडकी."

"चूल तिथेच होती. म्हणून तुझा पाळणा खिडकीला लागून होता."

मिर्सादने खिडकीकडे पाहिलं. मग डागाकडे. मग खोडावर उरलेल्या तीन लाल फुल्यांकडे.

"म्हणजे बाबांनी..." त्याने कपचीवर बोट ठेवलं. "कुऱ्हाड लपवली होती, ती शेजाऱ्यांपासून ना?"

"शेजाऱ्यांची काय बिशाद?" शेफिका म्हणाली. "माझ्यापासून. दोन दिवस मी सगळं घर उलटंपालटं केलं आणि त्याला नाही नाही ते बोलले. तिसऱ्या दिवशी गोळा पडला."

झियोच्या हातातला दोर खाली आला.

शेफिकाने वाडगा मुलाच्या हातात दिला आणि जाऊन खोडावर बसली, बरोबर एका फुलीवर.

"एकदा मीच हे चुलीत घालायला निघाले होते, झियोभाऊ. आता तुमचा ट्रक रिकामाच जाईल."