कोरा ट्रे

सव्विसाव्या उंदराच्या अंगावरही काही सापडलं नाही.

तपासनीसांनी बारीक दातांची फणी शेपटीपासून मानेपर्यंत पुन्हा एकदा उलटी फिरवली. खालच्या पांढऱ्या ट्रेत चार केस पडले, थोडी धूळ पडली. भिंग धरून त्यांनी ती धूळही चाळली. माइट नाही. उंदरांच्या अंगाला चिकटून राहणारे हे किडे खसखशीच्या दाण्याहून बारीक असतात, पण इतक्या वर्षांच्या सवयीनं ते त्यांच्या नजरेतून सुटले नसते. निदान तसं त्यांना वाटत होतं.

कानावरची पेन्सिल काढून त्यांनी वहीत शून्य मांडलं. तीन आठवड्यांतलं सव्विसावं.

"काका, आता तरी पटलं ना?" दारातून आरोग्य अधिकारी बाईंनी विचारलं. "वसतिगृह स्वच्छ आहे. दुपारपर्यंत सही हवी मला. उद्या मुली परत येतायत. साठ जणी."

"हो, पण रानटी उंदीर, आणि अंगावर एकसुद्धा माइट नाही, हे जरा..."

"दोनदा फवारणी केलीय हो. कुठून असतील?"

"मग माझंच काही चुकत असेल," तपासनीस म्हणाले.

हे वाक्य ते दिवसातून चारदा तरी म्हणत. आज सकाळी घरीही म्हणाले होते. सात महिन्यांच्या नातीच्या कानामागं काळा ठिपका दिसत होता. "शाईच्या हातांनी उचलता कशाला तिला?" बायको करवादली. "दोन दिवस तेल चोळतेय, निघेल तर शपथ." "चुकलं माझं," म्हणून ते पुस्तकाआड तोंड लपवून बसले होते.

बाई गेल्या. तपासनीसांनी सहीचा कागद पुढं ओढला आणि तसाच ठेवला.

महिन्यापूर्वी वसतिगृहातल्या दोन मुली तापानं फणफणल्या होत्या. एकीच्या काखेत आणि दुसरीच्या गुडघ्यामागं काळी खपली होती, विझलेली विडी टेकवावी तशी. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून दोघींनीही कुणाला दाखवली नव्हती. उंदरांवरचा माइट चावला की आधी ही खपली येते. ताप मागाहून येतो. एक मुलगी बरी झाली. दुसरी गेली.

ट्रे रिकामा करायला त्यांनी उंदराला पाठीवर वळवलं. त्याचे चारही पाय वर तसेच राहिले, लाकडासारखे ताठ. तीन आठवडे नजर फणीखालच्या धुळीवरच होती; पायांकडं त्यांनी पाहिलंच नव्हतं.

तपासनीसांनी घड्याळ पाहिलं. साडेनऊ.

नियम साधा होता. उंदीर कापडी पिशवीतून जिवंत आणायचा, इथं नऊ वाजता क्लोरोफॉर्म द्यायचा आणि लगेच विंचरायचा. तेव्हा तो ओल्या मोज्यासारखा लुळा असतो. पूर्वी हे काम तपासनीस स्वतः करत. हात थरथरायला लागले, तसं तीन आठवड्यांपूर्वी बोक्यानं ते अंगावर घेतलं.

बोका म्हणजे त्यांच्या बायकोचा धाकटा भाऊ. लहानपणापासून दबक्या पावलांनी चालायचा, म्हणून बोका. उंदीर पकडायची नोकरी त्याला तपासनीसांनीच लावून दिली होती. दुपारी दोघं एकाच डब्यातलं जेवत.

"बोक्या, याला औषध कधी दिलंस?"

"आत्ताच की, भाऊजी. नऊला."

"खरं सांग."

"उंदराची पत्रिका मांडताय का काय?"

"साठ मुली आहेत रे."

बोक्याचं हसू मावळलं. "रात्री दिलं," तो पुटपुटला. "वसतिगृहाचा पहारेकरी हल्ली रात्री नऊलाच कुलूप ठोकून जातो. पहाटे मला दार कोण उघडणार? मग रात्रीच पिंजरे उचलतो. सकाळी पिशव्या आणून टेबलावर ठेवतो."

"तीन आठवडे?"

"मरायचे ते मरणारच होते ना? ताईला नका सांगू. सोलून काढेल मला."

तपासनीस स्टुलावर बसले. "अरे, अंग थंड पडलं की माइट थांबत नाहीत. कापडाच्या विणीतूनसुद्धा निघून जातात, ऊब शोधत. मी सव्वीस रिकामी घरं विंचरत बसलो."

ते उठले, तो कागद घेऊन बाईंच्या खोलीत गेले आणि टेबलावर कोराच ठेवला.

"काका, हे काय? वर काय तोंड दाखवू मी?"

"म्हणा, म्हातारा अडून बसला. मुली उद्या येणार नाहीत. पिंजरे पुन्हा लावायचे, उंदीर पहाटे जिवंत आणायचे."

"आणि पुन्हा शून्यच आलं तर?"

"तर मी चुकलो म्हणेन. आज नाही म्हणणार."

बाई खूप बोलल्या. तपासनीस मान खाली घालून उभे राहिले, पण सही केली नाही. परत येताना पायऱ्या चढूनही त्यांना रोजच्यासारखी धाप लागली नाही.

बोका पिंजरे घासत होता. "काढतील का हो मला?"

"बघू. आधी चूक जशीच्या तशी नोंदवली पाहिजे." त्यांनी वही उघडली. "रात्री मारलेले उंदीर ठेवायचास कुठं?"

"घरी. दुसरीकडं कुठं? तुमच्या मागच्या खोलीत, माझ्या खाटेखाली."

पेन्सिल थांबली. "जिवंत ठेवले असतेस तर काय बिघडलं असतं?"

"चीं-चीं करतात हो रात्रभर. भिंतीला लागूनच पाळणा. म्हटलं, आपली छकुली दचकून उठायची."

तपासनीसांनी आपल्या बोटांकडं पाहिलं. त्यांवर शिशाचा करडा डाग होता. स्पिरिट सांडलं की शाईची अक्षरं धुऊन जातात, म्हणून या खोलीत शाई त्यांनी कधी आणलीच नव्हती.